हनुवटीवरचे केस, सावळी त्वचा आणि लेझर: पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे?

साखळीची शिक्षिका

सर्वांना नमस्कार. मी सव्वीस वर्षांची असून साखळीजवळच्या एका विद्यालयात शिकवते. महाविद्यालयात असल्यापासून माझ्या हनुवटीवर, जबड्याच्या कडेला आणि गळ्यावर जाड काळे केस येऊ लागले आणि आता थ्रेडिंग केल्याशिवाय चारचौघांत जाणे मला नकोसे होते. ओढून काढलेल्या केसांच्या जागी बारीक पुळ्या येतात, त्या बसल्या की काळे डाग मागे राहतात आणि हनुवटीचा खालचा भाग बाकीच्या चेहऱ्यापेक्षा स्पष्टपणे काळपट दिसतो. माझा रंग मुळात सावळा आहे, त्यात रोज स्कूटरने ये-जा असल्यामुळे चेहरा आणि हात रापलेले असतात. पाळी वेळेवर येत नाही, कधी कधी दोन महिनेही लांबते, पण त्याची नीट तपासणी आजवर झालेली नाही.

गेल्या आठवड्यात पणजीतील एका सौंदर्यकेंद्रात चौकशी केली. तेथे ‘कायमची केसमुक्ती’ असे सांगून सहा बैठकांचे पॅकेज सुचवण्यात आले. संपूर्ण रक्कम आगाऊ भरल्यास गालांवरच्या वांगासाठी फोटोफेशियल मोफत मिळेल, असेही सांगितले. यंत्र कोणते आहे असे विचारले, तेव्हा ‘अगदी नवीन लेझर आहे’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. माझ्या पाळीविषयी कोणी विचारले नाही आणि बैठक दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ऐन एप्रिलच्या उन्हात, सुरू करण्याची त्यांची तयारी होती.

माझे लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर करायचे घरच्यांच्या मनात आहे, त्यामुळे मला घाई आहे, हे मी नाकारत नाही. केस खरोखर कायमचे जातात का? सावळ्या त्वचेवर हे सुरक्षित आहे का? डायोड, आयपीएल, एनडी-याग ही नावे ऐकते, त्यांत नेमका फरक काय? ज्यांना या विषयाची जाण आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

बार्देशातील त्वचारोगतज्ज्ञ

आपण पैसे भरण्यापूर्वी विचारले, हे फार चांगले केले. आपल्या प्रश्नांची उत्तरे थोडी लांब होतील, कारण ही गोष्ट तीन वेगवेगळ्या बाबींवर अवलंबून असते: केस कशामुळे येत आहेत, त्वचेत सध्या किती रंगद्रव्य आहे आणि यंत्रातून कोणत्या जातीचा प्रकाश बाहेर पडतो. केंद्रात यांपैकी एकाही बाबीची चौकशी झाली नाही, हीच मला सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

प्रथम तत्त्व समजून घ्या. बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन संशोधकांनी १९८३ मध्ये असे मांडले की, प्रकाशाची तरंगलांबी आणि तो किती क्षण पडतो हे नीट निवडले, तर आजूबाजूच्या ऊतींना धक्का न लावता त्वचेतील एकच लक्ष्य तापवता येते. केस काढताना हे लक्ष्य म्हणजे मेलॅनिन, केसाला काळा रंग देणारे द्रव्य. प्रकाश मेलॅनिनमध्ये शोषला जातो, त्याची उष्णता होते, ती उष्णता केसाच्या मुळाभोवतीच्या पेशींपर्यंत पोहोचते आणि ज्या पेशींपासून नवा केस तयार होतो त्या दुबळ्या होतात किंवा मरतात. अडचण अशी की, तेच मेलॅनिन आपल्या त्वचेच्या वरच्या थरातही असते. गोऱ्या त्वचेत ते कमी, आपल्याकडे जास्त, आणि उन्हात रापलेल्या त्वचेत त्याहूनही जास्त. प्रकाश मुळापर्यंत पोहोचण्याआधीच वरच्या थराने तो शोषून घेतला, तर त्वचा भाजते आणि केस मात्र शाबूत राहतो.

म्हणूनच यंत्राचे नाव विचारणे हा तुमचा हक्क आहे. ॲलेक्झांड्राइट लेझरची तरंगलांबी ७५५ नॅनोमीटर असते, डायोडची साधारण ८०० ते ८१० आणि दीर्घ स्पंदाच्या (म्हणजे प्रकाशाचा एकेक झोत जास्त वेळ टिकणाऱ्या) एनडी-यागची १०६४. तरंगलांबी वाढत जाते तसा मेलॅनिनमधला शोष कमी होतो आणि प्रकाश खोलवर जातो. त्यामुळे गडद त्वचेसाठी एनडी-याग सर्वांत सुरक्षित मानले जाते. त्याचा केसांवरचा परिणाम मात्र थोडा सौम्य असतो आणि ते जरा जास्त दुखते. गव्हाळ किंवा मध्यम सावळ्या त्वचेवर डायोडही चांगले काम करते, परंतु त्यासाठी स्पंद लांब ठेवावा लागतो आणि त्वचा सतत थंड ठेवण्याची सोय यंत्रात असावी लागते. आयपीएल हे लेझर नाही. त्यातून साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा मिश्र प्रकाश निघतो आणि गाळणी लावून त्यातील काही भाग अडवला जातो. अनुभवी हातात तेही उपयोगी पडते, पण सावळ्या, रापलेल्या चेहऱ्यावर मी स्वतः ते वापरणार नाही.

आता ‘कायमचे’ या शब्दाविषयी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्रांच्या उत्पादकांना ‘कायमस्वरूपी घट’ असे म्हणण्याची मुभा दिली आहे, ‘कायमस्वरूपी निर्मूलन’ असे म्हणण्याची नाही. घट याचा अर्थ, उपचार पूर्ण झाल्यावर पुन्हा उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहणे. जे केस परततात ते बहुधा बारीक आणि फिकट असतात. केसांची वाढ टप्प्याटप्प्याने होते आणि केस वाढीच्या टप्प्यात असतानाच मुळावर खरा घाव बसतो. एका वेळी सगळेच केस त्या टप्प्यात नसतात, म्हणून चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांच्या आणि हातापायांसाठी त्याहून जास्त अंतराने अनेक बैठका कराव्या लागतात. सहा ते आठ बैठकांत बहुतेकांना ठळक फरक दिसतो. ज्यांच्या केसांमागे संप्रेरकांचा असमतोल असतो, त्यांना पुढेही काही महिन्यांच्या अंतराने देखभालीची बैठक लागते, आणि हे आधी सांगितले नाही तर ती फसवणूक ठरते.

तुमच्या बाबतीत तोच मुख्य मुद्दा आहे. हनुवटी, जबडा आणि गळा येथे जाड केस आणि सोबत लांबणारी पाळी, हे चित्र पीसीओएसशी, म्हणजे संप्रेरकांच्या असमतोलामुळे पाळी अनियमित होणाऱ्या स्त्रियांच्या विकाराशी, जुळणारे आहे. मी येथे निदान करत नाही, परंतु तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये एवढे निश्चित सांगतो. डॉक्टर शरीरावरील नऊ जागांच्या केसांना प्रत्येकी शून्य ते चार असे गुण देऊन वाढीचे प्रमाण मोजतात. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, गरजेप्रमाणे १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन आणि रक्तातील साखर यांच्या चाचण्या होतात आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला आवश्यक वाटल्यास सोनोग्राफीही होते. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले असतील, आवाज घोगरा झाला असेल किंवा डोक्यावरचे केस पुरुषांप्रमाणे विरळ होत असतील, तर मात्र एकही दिवस न दवडता डॉक्टरांकडे जावे, कारण त्यामागे क्वचित अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीचा किंवा अंडाशयाचा आजार असू शकतो. लेझर आहे त्या केसांवर काम करते. संप्रेरकांमुळे नव्याने जाड होणाऱ्या लवेवर त्याचा ताबा नसतो.

एक दुष्परिणाम आपल्या भागातील स्त्रियांना आवर्जून सांगायला हवा. जबड्यावर आणि गळ्यावर कमी ताकदीचा प्रकाश वारंवार दिला गेला, तर काहींच्या बाबतीत केस कमी होण्याऐवजी आजूबाजूची मऊ लव जाड होऊ लागते. सावळ्या वर्णाच्या आणि संप्रेरकांचा असमतोल असलेल्या स्त्रियांत हे अधिक दिसते. म्हणून जेथे खरोखर जाड, काळा केस आहे तेथेच लेझर द्यावे. ‘आता पूर्ण चेहराच करून घ्या’ असा आग्रह कोणी केला, तर गालांवरच्या लवेसाठी स्पष्ट नकार द्यावा.

फोंड्याची वाचक

डॉक्टरांनी शास्त्र सांगितले आहेच. मी या उपचारातून गेलेली असल्यामुळे प्रत्यक्षात काय होते ते लिहिते, कारण पहिल्या वेळी नेमके काय घडणार हे ठाऊक नसले की भीती वाटते आणि आपण विचारायचे प्रश्न विसरतो.

बैठकीच्या आधी चार आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमट्याने उपटणे, सगळे बंद करावे लागते. केसच मुळासकट ओढला तर प्रकाशाने तापवायचे काय? या काळात फक्त वस्तऱ्याने केस काढायचे. आपल्याकडे बाईने चेहऱ्याला ब्लेड लावायचे म्हटले की घरात सगळ्यांच्या भुवया उंचावतात, आणि केस दाट होतील अशी भीती घातली जाते. वस्तरा केस फक्त पृष्ठभागावर कापतो, मुळापर्यंत जात नाही. कापलेले टोक बोथट असल्यामुळे हाताला खरखरीत लागते, एवढेच. मला तर थ्रेडिंग बंद केल्यावर पुळ्या येणेच कमी झाले आणि नवे डाग पडायचे थांबले. तुम्ही लेझर केले नाही, तरी हा एक बदल करून पाहा, असे मी मनापासून सुचवेन.

प्रत्यक्ष बैठकीत डोळ्यांवर अपारदर्शक पट्टी बांधतात, थंडगार जेल लावतात आणि यंत्राचे गार टोक त्वचेवर टेकवून एकेक ठोका देतात. प्रत्येक ठोक्याला, मासळी तळताना हातावर तेलाचा बारीक शिंतोडा उडावा, तशी क्षणभर चटक लागते आणि करपलेल्या केसाचा वास येतो. हनुवटीखालच्या मऊ भागापेक्षा वरच्या ओठावर जास्त झोंबते. झाल्यावर आरशात पाहिले, तर ज्या ज्या छिद्रात जाड केस होता त्याच्याभोवती लालसर, किंचित फुगलेले कडे दिसते. ते पाहून मी घाबरले होते, परंतु माझ्या डॉक्टरांनी सांगितले की, ठोका नेमक्या जागी लागल्याची तीच खूण आहे, आणि संध्याकाळपर्यंत ते उतरलेही. पुढच्या आठवड्यात केस वाढल्यासारखे वाटतात. खरे तर ती मेलेल्या केसांची काळी टोके असतात आणि चेहरा धुताना हळूहळू गळून पडतात. ती नखाने उकरून काढू नयेत.

माझ्या मावसबहिणीचा अनुभव वेगळा आहे, तोही सांगणे गरजेचे वाटते. ती एका केंद्रात पायांसाठी गेली होती. समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवून आल्यावर तिची त्वचा चांगलीच रापली होती, तरी तेथील मुलीने ती कुठे गेली होती, काय औषधे घेते, काहीच विचारले नाही आणि चाचणी म्हणून एखादा ठोका देऊन पाहण्याऐवजी सरळ पूर्ण ताकदीने काम सुरू केले. दुसऱ्या दिवशी दोन्ही नडग्यांवर यंत्राच्या टोकाच्या आकाराचे चौकोनी चट्टे उठले. ते काळे पडले आणि पुढे बरेच महिने फिकट-गडद अशा पट्ट्या दिसत राहिल्या. केंद्राने ‘असे होतेच’ म्हणून हात झटकले. म्हणून सांगते, आधी कानामागे किंवा जबड्याच्या कोपऱ्यात एक-दोन ठोके देऊन काही दिवस वाट पाहण्याची त्यांची तयारी नसेल, तर तेथून उठून यावे.

साखळीची शिक्षिका

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी तपासणीसाठी वेळ घेतली आहे. आणखी काही शंका आहेत. आईला वाटते की या किरणांमुळे कर्करोग होतो आणि पुढे मूल होण्यात अडचण येते. तिची ही भीती मला हसण्यावारी न्यायची नाही, तिला खरे उत्तर द्यायचे आहे. दुसरे म्हणजे, वहिनीकडे घरी वापरायचे आयपीएलचे छोटे यंत्र आहे, ते मी वापरू का? तिसरे, गालांवरच्या वांगासाठी तो मोफत फोटोफेशियल घ्यावा का? सध्या मी ओळखीच्या औषधविक्रेत्याने दिलेली एक गोरेपणाची मलम लावते, तिने सुरुवातीला चांगला फरक पडला होता. आणि शेवटी, लग्नापूर्वी हे सगळे बसेल का?

बार्देशातील त्वचारोगतज्ज्ञ

आईंना असे सांगा की, क्ष-किरण आणि लेझरचा हा प्रकाश यांत मूलभूत फरक आहे. क्ष-किरणांत अणूंमधील इलेक्ट्रॉन बाहेर फेकण्याइतकी ऊर्जा असते, त्यामुळे पेशींच्या गुणसूत्रांना इजा होऊ शकते. केसांसाठी वापरला जाणारा प्रकाश दृश्य लाल रंगाच्या पलीकडचा, अवरक्ताजवळचा असतो आणि तो फक्त उष्णता निर्माण करतो. तो त्वचेत काही मिलिमीटरच शिरतो, त्यामुळे गर्भाशयापर्यंत किंवा अंडाशयापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच येत नाही. या उपचाराने त्वचेचा कर्करोग होतो असा पुरावा नाही. गरोदरपणात आम्ही हा उपचार थांबवतो, कारण त्या काळात अभ्यास झालेले नाहीत आणि संप्रेरकांमुळे केसांची वाढही तात्पुरती बदललेली असते. मूल होण्यातील अडचणीविषयी आईंना खरी काळजी असेल, तर लांबणाऱ्या पाळीकडे लक्ष द्यायला हवे. तपासणीचा आग्रह त्यांनीच धरावा.

औषधांबाबतही एक इशारा येथेच देतो. केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या सुचवल्या जातात आणि त्यांचा परिणाम दिसायला सुमारे सहा महिने लागतात. परंतु ही गोळी चालू असताना गर्भ राहिल्यास मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होण्याचा धोका असतो. लग्न जवळ आले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. संकोच करू नका.

वहिनींचे यंत्र तुमच्यासाठी नाही. घरगुती आयपीएलची ताकद मुद्दाम कमी ठेवलेली असते आणि बहुतेक यंत्रांत त्वचेचा रंग ओळखणारा संवेदक असतो, जो गडद त्वचेवर ठोकाच देत नाही. काही जण उजळ जागेवर टेकवून त्याला चकवतात. ते अतिशय धोक्याचे आहे. शिवाय कमी ताकदीचा प्रकाश, जबडा आणि गळा, सावळा वर्ण आणि संप्रेरकांचा संशय, या चारही गोष्टी तुमच्या बाबतीत एकत्र येतात. लव जाड होण्याविषयी मी आधी जे लिहिले, त्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती नसेल.

वांगाविषयी मला कळकळीने लिहावेसे वाटते, कारण या एका कारणाने चेहरे बिघडलेले मी नेहमी पाहतो. वांग ही रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी चिडखोर झाल्याची अवस्था आहे. ऊन, उष्णता, संप्रेरके आणि अगदी दृश्य प्रकाशसुद्धा त्यांना चिथावतो. फोटोफेशियल म्हणजे बहुधा आयपीएलच. त्याने वरचा रंग काही दिवस उजळतो आणि नंतर वांग आधीपेक्षा गडद होऊन परत येतो, असे आपल्याकडच्या त्वचेत वारंवार घडते. क्यू-स्विच्ड (अत्यंत लहान स्पंदांच्या) एनडी-यागने केल्या जाणाऱ्या लेझर टोनिंगमध्येही डाग परतण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि फार वेळा केल्यास गालावर पांढरट ठिपके उमटू शकतात. वांगाचा पाया म्हणजे सनस्क्रीन. तेही लोहाच्या ऑक्साइडचा हलका रंग असलेले, कारण बिनरंगी सनस्क्रीन दृश्य प्रकाश अडवू शकत नाही. त्यावर डॉक्टरांनी दिलेले मलम. प्रकाशाचा उपचार अगदी शेवटी, तोही निवडक रुग्णांत. फुकट मिळतो म्हणून तो घेऊ नये.

गोरेपणाच्या त्या मलमाची नळी घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. अशा मिश्रणांत पुष्कळदा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनसोबत तीव्र स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो, काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात आणि चेहऱ्यावरची लवही वाढते. म्हणजे ज्या केसांसाठी तुम्ही लेझर करणार, त्यांना एका बाजूने तुम्हीच खत घालत असाल. मात्र मलम एकाएकी सोडू नका, ते कमी करण्याची पद्धत असते. अशा त्वचेवर लेझरही लगेच देत नाहीत, आधी तिला सावरू द्यावे लागते.

वेळेचे गणित मी असे मांडेन. गोवा साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य पणजीच्या अगदी डोक्यावर येतो. या दिवसांत रापलेल्या चेहऱ्यावर लेझर सुरू करणे शहाणपणाचे नाही. एप्रिल आणि मे चाचण्या, पाळीवरील उपचार आणि त्वचा शांत करण्यासाठी द्या. सकाळी निघताना एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन भरपूर लावा, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटण्यापूर्वी पुन्हा लावा, आणि स्कूटरवर ओढणीऐवजी जाड सुती कापडाने चेहरा झाका. जूनमध्ये पाऊस लागला आणि त्वचेचा मूळ रंग परतला की चाचणीचा ठोका आणि पाठोपाठ पहिली बैठक होऊ शकते. ढगांतूनही अतिनील किरण येतात, तेव्हा पावसाळ्यात सनस्क्रीन सोडायचे नाही. अशा रीतीने दिवाळीपर्यंत चेहऱ्याच्या चार बैठका शांतपणे बसतात. मुहूर्ताच्या आधीचे तीन-चार आठवडे कोणताही प्रयोग करू नका. तोवर उपचार पूर्ण झालेला नसेल, पण केस बारीक आणि विरळ झालेले असतील आणि थ्रेडिंग थांबल्यामुळे हनुवटीचे डागही फिके झालेले असतील. उरलेल्या बैठका लग्नानंतर घेता येतील.

तिसवाडीतील परिचारिका

मी त्वचाविभागात काम केले आहे, म्हणून सुरक्षिततेच्या दोन गोष्टी जोडते. पहिली गोष्ट डोळ्यांची. लेझर चालू असताना खोलीतील प्रत्येकाच्या डोळ्यांवर त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा हवा, आणि रुग्णाचे डोळे पूर्ण झाकलेले हवेत. भुवयांच्या खालच्या कडेला, पापणीजवळ, लेझर देऊ नये. बंद पापणीतूनही प्रकाश आत जातो आणि बुबुळाला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. भुवया कोरून देण्याचे आमिष कोणी दाखवले, तर बळी पडू नका.

दुसरी गोष्ट बधिर करणाऱ्या मलमाची. दुखू नये म्हणून काही जणी घरूनच लिग्नोकेनचे मलम दोन्ही पायांना थापून, वर प्लॅस्टिक गुंडाळून येतात. मोठ्या भागावर झाकून लावलेले हे औषध रक्तात उतरते आणि त्यामुळे झटके येणे, हृदयाचे ठोके बिघडणे असे प्रकार होऊ शकतात. केस काढण्यापूर्वी अशा रीतीने मलम लावल्यामुळे तरुण स्त्रियांचे मृत्यू झाल्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये जाहीर इशारा दिला होता. हनुवटीएवढ्या छोट्या भागासाठी बर्फ आणि यंत्राचा गारवा सहसा पुरतो. मलम लागलेच, तर किती आणि किती वेळ, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

केंद्र निवडताना भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर केवळ ‘कॉस्मेटोलॉजी’ लिहिले आहे की त्वचारोगशास्त्रातील एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.व्ही.डी. ही पदवी किंवा पदविका आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे, ते पाहा. ठोका कोण देणार आणि काही बिघडले तर त्याच इमारतीत डॉक्टर हजर असतील का, हे आधी विचारा. प्रत्येक बैठकीला वापरलेली तरंगलांबी, ताकद आणि स्पंदाचा काळ यांची नोंद तुमच्या कागदावर लिहून मागा, म्हणजे दुसरीकडे जावे लागले तरी उपचार पहिल्यापासून चाचपडत सुरू होणार नाही. खासगी खर्च झेपत नसेल, तर निदान आणि सल्ल्यासाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा त्वचारोग बाह्यरुग्ण विभाग आहे. तेथे रांग असते, पण विक्रीचा दबाव नसतो.

सासष्टीची गृहिणी

या चर्चेत एक छोटा प्रश्न विचारते. माझे वय साठीच्या जवळ आहे. पाळी गेल्यावर हनुवटीवर राठ केस येऊ लागले, त्यांतले निम्म्याहून अधिक पांढरे आहेत. मलाही लेझर उपयोगी पडेल का?

बार्देशातील त्वचारोगतज्ज्ञ

ताई, पांढऱ्या केसांत मेलॅनिन नसते, त्यामुळे कोणत्याही लेझरला किंवा आयपीएलला तेथे लक्ष्यच सापडत नाही. तुमचे जे काळे केस आहेत, त्यांच्यासाठी लेझर जरूर करता येईल, आणि ते जितक्या लवकर कराल तितके बरे, कारण ते पांढरे झाल्यावर ती संधी राहत नाही. पांढऱ्यांसाठी इलेक्ट्रोलिसिस हा मार्ग आहे. त्यात केसागणिक अत्यंत बारीक सुई छिद्रात घालून विजेच्या सौम्य प्रवाहाने मूळ नष्ट केले जाते. एकेक केस घ्यावा लागत असल्यामुळे ते सावकाश आणि चिकाटीचे काम आहे. मात्र केसाच्या किंवा त्वचेच्या रंगाशी त्याचा संबंध नसतो, आणि हनुवटीवरच्या मोजक्या केसांसाठी ते व्यवहार्य ठरते. तुमच्या शरीरात हृदयाचा पेसमेकर असेल किंवा जखमेनंतर जाड वण उठण्याची प्रवृत्ती असेल, तर ते सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. आणि हे केस अलीकडेच, थोड्या काळात आले असतील, तर पाळी गेल्यानंतरच्या वयातही टेस्टोस्टेरॉनची चाचणी एकदा करून घ्यावी.